‘माझ्याविषयी’ या पानाचे शीर्षक: मोडी वाचणाऱ्या बाईने आपली ओळख कोणत्या शब्दांत करून द्यावी?

प्रश्न: मोडीवाचक, दांडिया बाजार, बडोदे

सर्वांना नमस्कार. मी गेली १२ वर्षे मोडी लिपीतील जुने कागद देवनागरीत उतरवून देण्याचे काम घरूनच करते. खरेदीखते, गहाणखते, इनामाच्या सनदा, वंशावळी, देवस्थानांचे हिशेब आणि क्वचित एखादा खासगी पत्रव्यवहार असे कागद माझ्याकडे येतात. गायकवाडी अमलातले मोडी कागद इथल्या मराठी घरांत जसे निघतात तसे काही गुजराती घरांतही निघतात. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध मोठ्या प्रमाणावर सुरू झाला, तेव्हापासून तिकडूनही विचारणा होऊ लागली आहे.

मागच्या वर्षी मी स्वतःचे संकेतस्थळ करून घेतले. मुखपृष्ठावर मूळ कागदाची छायाचित्रे आणि त्यांच्या शेजारी माझे लिप्यंतर असे नमुने आहेत, आणि त्या पानाविषयी माझी काही तक्रार नाही. अडचण आहे ती ‘माझ्याविषयी’ या पानाची. तिथे सध्या मोठ्या अक्षरांत ‘इतिहासाच्या पाऊलखुणा जपणारी एक वाटसरू’ असे शीर्षक आहे. ज्यांनी संकेतस्थळ बांधून दिले त्यांनी ते सुचवले होते, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी मलाही ते आवडले होते. परंतु ते पान वाचून फोन करणारी माणसे ‘आपण नेमके काय करता?’ असे विचारतात. एका गृहस्थांनी मला शिवजयंतीच्या व्याख्यानासाठी बोलावले, तर एका बाईंची समजूत झाली होती की मी किल्ल्यांच्या सहली नेते. जे पान माझी ओळख करून देण्यासाठी केले आहे त्यानेच माझी ओळख झाकली जात असेल, तर ते शीर्षक बदलायलाच हवे असे मला वाटते.

मी तीन पर्याय लिहून पाहिले. पहिला, ‘मोडी लिपी तज्ज्ञ’. हा शब्द दुसऱ्याने माझ्यासाठी वापरला तर मी गप्प बसेन, पण तो स्वतःच्या पानावर लिहायला माझा हात धजत नाही. दुसरा, ‘माझ्या संकेतस्थळावर आपले मनःपूर्वक स्वागत आहे’, आणि तो लिहून झाल्यावर त्यात काहीच सांगितलेले नाही हे माझ्याही लक्षात आले. तिसरा मला सर्वांत आवडतो: ‘समान खमसैन मया व अलफ म्हणजे कोणते साल?’ जुन्या मराठी कागदांत शुहूर सन असा अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला असतो. समान म्हणजे ८, खमसैन म्हणजे ५०, मया म्हणजे १०० आणि अलफ म्हणजे १०००, म्हणून हा सन ११५८ झाला. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७५७-५८ येतो. वाचणाऱ्याला कुतूहल वाटेल आणि तो पुढे वाचेल अशी माझी कल्पना आहे.

यांपैकी कोणते ठेवावे? शीर्षकात माझे नाव असावे का? आणि गुजराती पानासाठी याचेच भाषांतर चालेल का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: संकेतस्थळे बांधणारा, बडोदे

ताई, ‘शीर्षक’ या एकाच शब्दाने आपण निरनिराळ्या जागांवरचा मजकूर ओळखतो, आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते, म्हणून आधी त्या जागा वेगळ्या करू या.

संकेतस्थळाच्या सूचीतील, म्हणजे मेन्यूतील, शब्द ‘माझ्याविषयी’ हाच राहू द्यावा. तिथे ‘माझा प्रवास’ किंवा ‘मोडीच्या वाटेवर’ असे काही लिहिले की शोधणाऱ्याला ते पान सापडत नाही, कारण त्याची नजर ओळखीचा शब्द शोधत असते. ब्राउझरच्या टॅबवर आणि गूगलच्या निकालांत दिसणारे शीर्षक, म्हणजे टायटल टॅग, हे निराळे लिहिता येते. आपले नाव, काम आणि गाव या तीन गोष्टी तिथे असाव्यात, आणि गावाचे नाव ‘बडोदे’ व ‘वडोदरा’ अशा दोन्ही रूपांत असावे, कारण लोक दोन्ही नावांनी शोधतात. गूगल हे शीर्षक ठरावीक अक्षरसंख्येवर कापत नाही, तर पडद्याच्या रुंदीत जेवढे मावेल तेवढे दाखवते. त्यामुळे महत्त्वाचे शब्द आधी लिहावेत. व्हॉट्सॲपवर दुवा पाठवल्यावर जे शीर्षक दिसते ते ओजी-टायटल, आणि तेही स्वतंत्रपणे लिहिता येते. नाव कुठे घालावे या आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर या दोन जागा असे आहे.

आता उरले पानावरचे मोठे शीर्षक. ऑगस्ट २०२१ पासून गूगल काही वेळा टायटल टॅग बाजूला ठेवून पानावरचे मोठे शीर्षकच निकालात दाखवते, म्हणून ते पानाबाहेर एकटे पडले तरी अर्थ देणारे असावे. आपले ‘वाटसरू’ शीर्षक या कसोटीला उतरत नाही. शुहूर सनाचा प्रश्न मला स्वतःला फार आवडला, पण त्याची जागा एखाद्या लेखाच्या माथ्यावर आहे. ‘माझ्याविषयी’ पानावर जो येतो त्याने बहुधा आपले नमुने आधीच पाहिलेले असतात, आणि घरातले कागद या बाईंच्या हाती द्यावेत की नाही हे ठरवायला तो आलेला असतो. त्याला तिथे कोडे घालू नये.

देवनागरीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण संकेतस्थळांचे बहुतेक तयार साचे रोमन अक्षरे समोर ठेवून केलेले असतात आणि आपल्या साच्यातही तसेच झालेले मला दिसते आहे. मोठ्या शीर्षकांसाठी त्यात ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या १.१ पट इतके कमी ठेवलेले असते. रोमनमध्ये ते शोभते, पण मराठीत वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला आणि वेलांटीला जाऊन टेकतो. हे अंतर निदान १.४ पट करावे. दोन अक्षरांमधले अंतर, म्हणजे लेटर-स्पेसिंग, शून्यच ठेवावे, कारण ते वाढवले की शिरोरेषा तुटते आणि कमी केले की अक्षरे एकमेकांवर चढतात. पानाची भाषा सांगणाऱ्या लँग या गुणधर्मात ‘एमआर’, म्हणजे मराठीची खूण, लिहिलेली आहे ना, हेही पाहावे. ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले असतात तो फाँट ती रूपे या खुणेवरूनच निवडतो, आणि दृष्टिहीन वाचकांच्या स्क्रीन रीडरलाही मराठी आवाज निवडायला त्याची मदत होते. हे वाचक पानावर शीर्षकांच्या आधारेच उड्या घेत फिरतात, म्हणून पहिल्या पातळीचे शीर्षक पानावर एकच असावे आणि ते चित्रात कोरलेले नसावे.

उत्तर: मराठी मुद्रितशोधक व संपादक, इंदूर

तांत्रिक बाजू वरच्या उत्तरात उत्तम रीतीने आलेली आहे, म्हणून मी फक्त भाषेविषयी लिहिते.

‘इतिहासाच्या पाऊलखुणा जपणारी एक वाटसरू’ हे शीर्षक एखाद्या कवयित्रीच्या, वस्तुसंग्रहालयात काम करणाऱ्या बाईंच्या किंवा किल्ले हिंडणाऱ्या मुलीच्या पानावर ठेवले तरी त्यातला एकही शब्द खटकणार नाही. त्यात कागद नाही, लिपी नाही आणि वाचनही नाही. आपल्याला व्याख्यानाला बोलावणाऱ्या गृहस्थांचा यात काहीच दोष नव्हता, पानावर जे लिहिले होते तेच त्यांनी वाचले.

‘तज्ज्ञ’ लिहायला आपला हात धजत नाही हे मला योग्य वाटते आणि त्या संकोचाला आपण कमीपणा समजू नये. मराठीत स्वतःसाठी मोठे विशेषण वापरले की ऐकणारा सावध होतो. पण संकोच विशेषणाचा असावा, क्रियापदाचा नसावा. आपण जे करता ते साध्या क्रियापदात सांगण्यात बढाई कसली? ‘मोडी लिप्यंतरण सेवा’ ही दारावरची पाटी झाली, तर ‘मोडी कागद वाचून देते’ हे माणसाचे बोलणे झाले. त्यातल्या ‘देते’ या लहानशा शब्दात काम दुसऱ्यासाठी केले जाते हेही आले आणि बोलणारी एक बाई आहे हेही आले. ‘आम्ही वाचून देतो’ असे मात्र लिहू नये. एकट्या व्यक्तीने ‘आम्ही’ म्हटले की वाचणाऱ्याला तिथे एखादे कार्यालय असल्यासारखे वाटते, आणि मग फोन आपणच उचलल्यावर त्याचा गोंधळ होतो.

आणखी एक गोष्ट मराठीच्या बाजूने आहे. पडद्यावर वाचताना डोळे कसे फिरतात याचा एक अभ्यास संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ साली मांडला होता, आणि त्यात असे दिसले होते की लोक वरच्या एकदोन ओळी बऱ्याच अंशी वाचतात, पण पुढे ओळींच्या सुरुवातीच्या शब्दांवरूनच नजर खाली घसरवत नेतात. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येत असल्यामुळे ज्या वस्तूवर काम होते ती वस्तू सहजच पुढे येऊन बसते. ‘मोडी कागद’ हे पहिले दोन शब्द झाले की ज्याच्या घरी तसा कागद आहे तो थांबतो. ‘मी गेली बारा वर्षे अत्यंत आवडीने’ अशी सुरुवात केली तर कागद यायच्या आधीच तो निघून गेलेला असेल.

मात्र ‘मोडी कागद वाचून देते’ एवढे तर मुखपृष्ठही सांगतेच. ‘माझ्याविषयी’ पानाला याहून काहीतरी अधिक आणि फक्त आपले असे हवे. म्हणून एक विचारते. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नाही, अक्षरे सलग वाहत जातात आणि ह्रस्व-दीर्घाचा भेदही काटेकोरपणे पाळलेला नसतो. तेव्हा शब्द कुठे तोडायचा हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते. जिथे अक्षर लागतच नाही, तिथे आपण काय करता?

मोडीवाचक, दांडिया बाजार, बडोदे

दोघांचेही मनापासून आभार. ओळींमधले अंतर आणि लँगचा गुणधर्म आजच दुरुस्त करून घेतला. खरोखरच ‘एमआर’च्या जागी ‘ईएन’, म्हणजे इंग्रजीची खूण, होती.

अक्षर लागत नाही तिथे मी चौकोनी कंसात ‘लागले नाही’ असे लिहिते. कागद फाटलेला असेल, कसर लागलेली असेल किंवा शाई पसरलेली असेल तर तेही त्याच जागी वेगळे नोंदवते, कारण अक्षर आहे पण वाचता येत नाही आणि अक्षरच उरलेले नाही, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोन वाचने संभवत असतील तर दोन्ही देते, विशेषतः माणसांच्या व गावांच्या नावांत. अंदाजाने मी जागा भरत नाही. त्यामुळे दोन गिऱ्हाइके माझ्यावर नाराजही झाली, आणि ‘पैसे पूर्ण घेतले, मग काम अर्धवट का?’ असे त्यांच्यापैकी एकाने विचारले. ही गोष्ट पानावर लिहिण्यासारखी आहे असे मला कधी वाटले नव्हते, उलट तो माझ्या वाचनातला उणेपणा आहे असेच मी समजत आले.

मराठी मुद्रितशोधक व संपादक, इंदूर

आपल्या उत्तरातलीच वाक्ये उचलून थोडी जवळ आणते:

‘मोडी कागद वाचून देते. जे लागत नाही, ते ‘लागले नाही’ असेच लिहिते.’

‘अक्षर लागणे’ हा प्रयोग ज्याने घरातल्या आजोबांना जुने पत्र डोळ्यांजवळ धरून वाचताना पाहिले असेल त्याला लगेच ओळखीचा वाटेल. यात विशेषण एकही नाही, आणि तरीही आपण कोणत्या प्रकारच्या वाचक आहात हे सगळे आलेले आहे. दोन वाक्यांच्या शेवटी पूर्णविराम ठेवावेत, उद्गारचिन्ह नको.

संकेतस्थळे बांधणारा, बडोदे

वाक्य सुंदर आहे हे मान्य करूनही मला एक शंका मांडायची आहे. अनोळखी माणसाने पान उघडल्यावर मोठ्या अक्षरांत पहिल्यांदाच ‘लागत नाही’ आणि ‘लागले नाही’ असे दोन नकार वाचले, तर या बाईंना पुष्कळसे वाचता येत नाही असा त्याचा समज होणार नाही का? ‘मोडी कागद अचूक वाचून मिळतील’ असे काही अधिक सुरक्षित ठरेल असे वाटते. याशिवाय लांबीचाही प्रश्न आहे. पुष्कळ अँड्रॉइड फोनांच्या पडद्याची रुंदी संकेतस्थळाच्या मांडणीत वापरल्या जाणाऱ्या मापाने (सीएसएस) साधारण ३६० पिक्सेल असते, आणि त्यावर हे शीर्षक चार-पाच ओळी घेईल.

उत्तर: एक वाचक, ग्वाल्हेर

मी या व्यवसायातला नाही, मी ज्यांच्या घरात मोडी कागद आहेत त्यांच्यापैकी आहे, आणि म्हणूनच वरच्या शंकेवर लिहिल्यावाचून राहवत नाही.

आमच्या पणजोबांच्या नावाचा शिंदेशाहीतला जमिनीचा एक कागद आम्ही काही वर्षांपूर्वी एका वाचकाकडून उतरवून घेतला होता. हाती आलेली प्रत स्वच्छ टंकलेली होती आणि तिच्यात कुठेही रिकामी जागा नव्हती. तिच्यातला बिघ्यांचा आकडा धरून आमच्या दोन चुलत घरांत बोलणी झाली, ती बिघडली, आणि दोन दिवाळ्या कोणी कोणाच्या घरी गेले नाही. पुढे मूळ कागद दुसऱ्या जाणकारांना दाखवला तेव्हा कळले की त्या आकड्याच्या जागी कागदाला भोक पडलेले आहे. आधीच्या वाचकाने आजूबाजूचा मजकूर पाहून आकडा बसवला होता. त्याचा हेतू वाईट नसेलही, पण ती जागा रिकामी आहे एवढे त्याने लिहिले असते तर आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे संबंध टिकले असते.

‘अचूक’ हा शब्द त्या वाचकाच्या पत्रकावरही होता. मी आज पुन्हा वाचक शोधायला निघालो आणि मला एका पानावर ‘अचूक’ आणि दुसऱ्यावर ‘जे लागत नाही, ते लागले नाही असेच लिहिते’ असे दिसले, तर मी क्षणभरही विचार न करता कागद दुसऱ्या ठिकाणी पाठवीन. ताई, ज्याला आपण उणेपणा म्हणता त्यासाठी मी आनंदाने पैसे देईन.

आपले नाव मात्र शीर्षकाच्या लगेच खाली आणि ठळक अक्षरांत असावे, शेजारी छायाचित्रही असावे. घरातले मूळ कागद एखाद्याच्या हवाली करताना ते कोणाच्या हवाली करतो आहोत हे माणसाला पाहायचे असते.

संकेतस्थळे बांधणारा, बडोदे

ग्वाल्हेरकरांचा अनुभव वाचून मी माझी शंका मागे घेतो. लांबीचा उपाय माझ्याकडे आहे. फोनवर शीर्षकाचा आकार एक पायरी कमी करावा, आणि ओळी कुठे तोडायच्या हे ठरवणाऱ्या टेक्स्ट-रॅपचे मूल्य ‘बॅलन्स’ ठेवावे, म्हणजे ओळी साधारण सारख्या लांबीच्या होतील आणि शेवटच्या ओळीत ‘लिहिते’ हा शब्द एकटा पडणार नाही. टायटल टॅगमध्ये केवळ नाव, ‘मोडी कागदपत्र वाचन’ आणि गाव एवढेच ठेवू या.

उत्तर: गुजराती-मराठी अनुवादक, रावपुरा, बडोदे

गुजराती पानाचा प्रश्न मागे पडला आहे, म्हणून त्याविषयी लिहितो. याचे शब्दशः भाषांतर करू नये, आणि त्याचे कारण पहिल्याच शब्दात आहे. गुजरातीत ‘मोडुं’ म्हणजे उशिराचे, आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘मोडी’ असेच होते. त्यामुळे गुजराती शीर्षकाच्या आरंभी ‘मोडी’ हा शब्द सुटा आला तर वाचणारा क्षणभर उशिराच्या अर्थाकडेच जातो. शिवाय ज्या गुजराती कुटुंबांकडे असे कागद आहेत त्यांच्यापैकी अनेकांना या लिपीचे नावच माहीत नसते. आपल्या घरात गायकवाडी वेळचे, मराठीतले आणि कोणालाही वाचता न येणारे कागद आहेत, एवढेच ते जाणतात. म्हणून तिथे सुरुवात ‘गायकवाडी समयना जूना मराठी दस्तावेज’ अशा शब्दांनी करावी, आणि ‘मोडी लिपि’ हे दोन्ही शब्द जोडूनच खालच्या ओळीत आणावेत.

दुसरे वाक्य मात्र ठेवावे. जे उकलत नाही ते उकलले नाही असे सांगणारा माणूस गुजराती गिऱ्हाइकालाही हवाच असतो, आणि व्यापारी घरांत तर हिशेबाच्या कागदावर अंदाजाचा आकडा कोणालाच चालत नाही.

मोडीवाचक, दांडिया बाजार, बडोदे

आज चौथ्या दिवशी मराठी पान बदलले. मोठे शीर्षक इंदूरच्या ताईंनी जुळवलेलेच ठेवले आहे, त्याच्या खाली माझे नाव आणि कागद वाचत असतानाचे छायाचित्र आहे. शुहूर सनाच्या प्रश्नावर एक स्वतंत्र लेख लिहायला घेतला आहे. ‘वाटसरू’ काढताना थोडे वाईट वाटले, पण ते काढले. गुजराती पान रावपुऱ्याच्या अनुवादकांच्या सूचनेप्रमाणे लिहून होत आले आहे.

आमच्या गल्लीत एक किराणा दुकानदार आहेत. ते मला वर्षानुवर्षे ओळखतात, पण मी काय काम करते हे त्यांना ठाऊक नव्हते. काल संध्याकाळी त्यांना फोनवर नव्या गुजराती पानाचे फक्त शीर्षक दाखवले आणि काही न सांगता उभी राहिले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि विचारले, ‘बेन, एका कागदाला किती दिवस लागतात? आणि मूळ कागद द्यावा लागतो की फोटो चालतो?’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे माझ्या पानावर कुठेच नव्हती. ती आता नावाच्या खाली पहिल्याच ओळीत घालते आहे.